पार्किंगसाठी पाडायला निघालेलं घर: फिलाडेल्फियाच्या ‘पॉवेल हाऊस’ची अडीचशे वर्षांची गोष्ट

१९३० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, साउथ थर्ड स्ट्रीटवर २४४ नंबरचं एक जुनं विटांचं घर उभं होतं. आत घोड्याच्या केसांचं गोदाम होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन सुंदर खोल्यांचं लाकूडकाम आधीच उचकटून नेलं होतं. शहरात मोटारी वाढत होत्या आणि त्या उभ्या करायला जागा हवी होती. त्यामुळे हे घर पाडायचं आणि तिथे मोकळं पार्किंग करायचं, असा बेत ठरला.

याच घराच्या वरच्या मजल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन नाचले होते. याच घरात जॉन अ‍ॅडम्स पोटाला तडस लागेपर्यंत जेवले होते. आणि या घराच्या मालकिणीने बेंजामिन फ्रँकलिन यांना विचारलेला एक प्रश्न आजही अमेरिकेच्या राजकारणात सतत आठवला जातो.

मग असं घर गोदाम कसं झालं? ते पाडायची वेळ का आली? आणि ते वाचलं कसं? त्यासाठी थेट १७६५ सालापर्यंत मागे जावं लागतं.

विटांचं शहर

मराठी माणसाला फिलाडेल्फिया हे नाव आनंदीबाई जोशींमुळे ओळखीचं आहे. १८८६ साली त्या याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी इथे नुसतं जंगल होतं आणि डेलावेअर नदीकाठी मूळच्या लेनापे लोकांची वस्ती होती.

१६८२ साली विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या इंग्रज माणसाने इथे शहर वसवलं. लंडनमध्ये १६६६ साली लागलेली भीषण आग तेव्हा लोकांच्या चांगलीच लक्षात होती. एकमेकांना खेटून बांधलेली लाकडी घरं किती भराभर पेटतात, हे त्या आगीने दाखवून दिलं होतं. त्यामुळे पेन यांच्या डोक्यात रुंद, सरळ रस्ते होते आणि प्रत्येक घराभोवती बाग असावी अशी कल्पना होती.

बागांचं स्वप्न फार टिकलं नाही. बंदर वाढलं, व्यापार वाढला आणि नदीजवळच्या जागेला सोन्याचा भाव आला. लोकांनी मोठमोठ्या भूखंडांचे तुकडे पाडले, त्यांत गल्ल्या काढल्या आणि भिंतीला भिंत लावून घरं बांधली. एक गोष्ट मात्र टिकली, ती म्हणजे वीट. शहराच्या आजूबाजूला विटांसाठी उत्तम चिकणमाती होती. ती खणायची, मळायची, साच्यात घालून वीट पाडायची, उन्हात वाळवायची आणि लाकडाच्या भट्टीत भाजायची, असा मोठा धंदा इथे उभा राहिला. ब्रिटिश अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये फिलाडेल्फियाचा चेहरा सर्वांत लाल होता, तो यामुळेच.

तरीही आगीची भीती होतीच. म्हणून १७५२ साली फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांचा आगीपासून विमा उतरवणारी संस्था काढली. विमा उतरवलेल्या घराच्या भिंतीवर चार हात एकमेकांत गुंफलेलं चिन्ह लावलं जाई. जुन्या फिलाडेल्फियात फिरताना हे चिन्ह आजही काही दारांवर दिसतं.

टाउनहाऊस म्हणजे नेमकं काय?

आज टाउनहाऊस म्हटलं की एका ओळीत, एकमेकांना लागून असलेली घरं डोळ्यांसमोर येतात. वसाहतकाळातही कल्पना तीच होती. रस्त्याकडची जागा महाग, म्हणून घराचं तोंड अरुंद. मागे जागा भरपूर, म्हणून घर खोलवर लांबत गेलेलं. जागा कमी पडली की वर मजला चढवायचा.

श्रीमंतांच्या घरांची साधारण रचना ठरलेली असे. पुढे मुख्य इमारत, तिच्यात एका बाजूला दार आणि लांब दालन, दुसऱ्या बाजूला एकामागे एक खोल्या. मागे स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्यांचा वेगळा भाग. त्यापलीकडे बाग किंवा अंगण.

पॉवेल हाऊस या नमुन्याचं उत्तम उदाहरण आहे. समोरून पाहिलं तर ते फार नटलेलं वाटत नाही. लाल विटांची सपाट भिंत, एकाखाली एक नेमक्या अंतरावर बसवलेल्या खिडक्या आणि कोरीव चौकटीचं दार. पण भिंत जवळून पाहिली की गवंड्याचं कसब कळतं. एका विटेची लांब बाजू बाहेर, तिच्या शेजारच्या विटेची आखूड बाजू बाहेर, मग पुन्हा लांब, अशी प्रत्येक ओळ रचलेली असते. याला फ्लेमिश बाँड म्हणतात. आखूड बाजू दिसणारी वीट भिंतीच्या आत खोल शिरते आणि भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधून ठेवते. अशा कामाला वेळ आणि हात दोन्ही जास्त लागतात, म्हणून बरेच मालक ते रस्त्याकडच्या भिंतीलाच करून घेत. बाजूच्या आणि मागच्या भिंती साध्या असल्या तरी चालत, कारण त्या कोण बघणार!

घर बांधलं एकाने, गाजवलं दुसऱ्याने

हे घर १७६५ साली चार्ल्स स्टेडमन या स्कॉटिश व्यापाऱ्याने बांधलं. भारताच्या इतिहासातलं साल लक्षात ठेवायचं तर पानिपतच्या तिसऱ्या लढाईला तेव्हा चार वर्षं झाली होती. पण स्टेडमन यांचं नाव या घराला लागलं नाही. २ ऑगस्ट १७६९ रोजी ते सॅम्युअल पॉवेल यांनी विकत घेतलं आणि त्यानंतर पाचच दिवसांनी त्यांनी एलिझाबेथ विलिंग यांच्याशी लग्न केलं.

सॅम्युअल तेव्हा तिशीत होते. त्यांचे आजोबा सुतारकामातून आणि घरबांधणीतून इतके श्रीमंत झाले होते की शहरात त्यांच्या मालकीची कितीतरी घरं होती. ती सगळी इस्टेट नातवाकडे आली. शिक्षण संपल्यावर सॅम्युअल यांनी जवळपास सात वर्षं युरोपात काढली. चित्रं आणि वाडे पाहिले, पोपची भेट घेतली आणि फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअर यांच्या घरीही ते जाऊन आले. परत आले तेव्हा खिशात पैसा होता आणि डोक्यात युरोपातली दालनं होती.

एलिझाबेथ यांचं माहेरही तालेवार. वडील चार्ल्स विलिंग शहराचे महापौर राहिलेले, तर भाऊ थॉमस विलिंग मोठे व्यापारी. हेच थॉमस पुढे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय बँकेचे अध्यक्ष झाले. या संपत्तीची काळी बाजूही आहे. थॉमस विलिंग यांच्या व्यापारी पेढीने गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची विक्रीही केली होती. फिलाडेल्फियाच्या देखण्या घरांमागच्या पैशात या व्यापाराचाही वाटा होता, हे विसरता येत नाही.

पॉवेल दांपत्याने घर तसंच ठेवलं नाही. रॉबर्ट स्मिथ या शहरातल्या नामवंत बांधकाम कारागिराला बोलावून त्यांनी आतला भाग नव्याने सजवून घेतला. हर्क्युलिस कोर्टने याने लाकडावर कोरीवकाम केलं, तर जेम्स क्लो याने छतावर गिलाव्याची नक्षी उठवली. जिन्याला महोगनीचं गडद लाकूड लावलं. महोगनी कॅरिबियन बेटांवरून जहाजाने येई आणि ती तोडण्याचं काम तिथले गुलाम करत.

सगळं काही वरच्या मजल्यावर

आज आपल्याकडे पाहुणा आला की तो तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसतो. पॉवेल हाऊसमध्ये मात्र खरा दिवाणखाना वरच्या मजल्यावर होता. रस्त्यावर घोडागाड्यांचा खडखडाट, धूळ आणि शेणाचा वास असे. वर गेलं की त्यातून सुटका होई. शिवाय पाहुण्याला तिथवर न्यायचं म्हणजे तो महोगनीचा जिना त्याला दिसणारच! श्रीमंतीचं दर्शन त्या जिन्यापासूनच सुरू होई.

वर रस्त्याच्या बाजूला नाच-गाण्यासाठी मोठं दालन आणि त्याच्यामागे दुसरी सजवलेली बैठकीची खोली, अशी रचना होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेचं भवितव्य ठरवणारे बरेच लोक या खोल्यांत येऊन गेले.

सप्टेंबर १७७४ मध्ये ब्रिटिश वसाहतींचे प्रतिनिधी पहिल्या काँटिनेंटल काँग्रेससाठी फिलाडेल्फियात जमले. त्यांच्या बैठका कार्पेंटर्स हॉलमध्ये चालत आणि तो हॉलही रॉबर्ट स्मिथ यांनीच उभारलेला. मॅसॅच्युसेट्सहून आलेले जॉन अ‍ॅडम्स ८ सप्टेंबरला पॉवेल यांच्याकडे जेवायला गेले. साध्या राहणीत वाढलेल्या अ‍ॅडम्स यांनी ते ताट पाहून डायरीत त्या मेजवानीला चक्क पापी म्हटलं! दह्या-सायीचे पदार्थ, जेली, वीस प्रकारचे टार्ट, पार्मेझान चीज, पंच, वाइन, बिअर अशी लांबलचक यादीच त्यांनी लिहून ठेवली आहे.

हे जेवण नुसती हौस नव्हती. वेगवेगळ्या वसाहतींतून आलेले हे लोक एकमेकांना फारसे ओळखत नव्हते. दिवसभर सभागृहात वाद व्हायचे आणि संध्याकाळी अशा घरांमध्ये ओळखी व्हायच्या. एलिझाबेथ यांना मतदानाचा हक्क नव्हता, सभागृहात बसायची परवानगी नव्हती. पण त्यांच्या दिवाणखान्यात राजकारणावर चर्चा होई आणि तिथे त्यांचं मत लोक मनापासून ऐकत.

शत्रू पुढे, मालक मागे

१७७५ साली सॅम्युअल पॉवेल महापौर झाले. १७७६ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली, जुनी ब्रिटिश सनद गेली आणि तिच्याबरोबर महापौरपदही गेलं. पुढे १७८९ साली हे पद नव्याने सुरू झालं, तेव्हा पहिले महापौर पुन्हा सॅम्युअल पॉवेलच होते. म्हणजे ब्रिटिश काळातले शेवटचे महापौर आणि स्वतंत्र फिलाडेल्फियाचे पहिले महापौर एकाच घरात राहत होते.

मधल्या काळात युद्ध दारात आलं. सप्टेंबर १७७७ ते जून १७७८ फिलाडेल्फिया ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होतं. त्या मुक्कामाच्या अगदी शेवटी, तडजोडीची बोलणी करण्यासाठी अर्ल ऑफ कार्लाइल हे सरदार इंग्लंडहून आले. त्यांनी राहायला शहरातलं उत्तम घर निवडलं, ते पॉवेल यांचं. मालकाची परवानगी कोणी विचारली नाही. पुढच्या सजवलेल्या खोल्यांत कार्लाइल राहिले आणि पॉवेल पती-पत्नींना स्वतःच्याच घराच्या मागच्या भागात जावं लागलं. गंमत म्हणजे या सक्तीच्या पाहुण्याचं यजमानांबद्दलचं मत फार चांगलं झालं. घरी पाठवलेल्या पत्रात त्यांनी घराचंही कौतुक केलं आणि पॉवेल दांपत्याचंही.

बोलणी फिसकटली, ब्रिटिश फौज निघून गेली आणि काही महिन्यांतच त्याच दालनात वेगळे पाहुणे आले. जानेवारी १७७९ मध्ये इथे नाचाचा कार्यक्रम झाला. फ्रँकलिन तेव्हा फ्रान्समध्ये होते. त्यांची मुलगी सारा बाश हिने वडिलांना पत्रातून कळवलं की, पॉवेलबाईंच्या घरी तुमच्या वाढदिवसाच्या रात्री मी जनरल वॉशिंग्टन यांच्या सोबतीने नाचले आणि त्याच रात्री त्यांच्या लग्नाला वीस वर्षं पूर्ण झाली.

तो प्रसिद्ध प्रश्न

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. मे ते सप्टेंबर बंद दाराआड चर्चा चालल्या. वॉशिंग्टन या सभेचे अध्यक्ष होते आणि त्या काळात जेवायला किंवा चहाला ते पॉवेल यांच्याकडे वरचेवर जात.

१७ सप्टेंबरला घटनेवर सह्या झाल्या. मेरीलँडचे प्रतिनिधी जेम्स मॅकहेन्री यांनी आपल्या डायरीत एक छोटासा प्रसंग नोंदवला आहे. एका बाईंनी डॉक्टर फ्रँकलिन यांना विचारलं की आपल्याला शेवटी मिळालं काय, प्रजासत्ताक की राजेशाही? फ्रँकलिन यांनी उत्तर दिलं की प्रजासत्ताक, पण तुम्हाला ते टिकवता आलं तर. या बाई म्हणजे फिलाडेल्फियाच्या मिसेस पॉवेल, अशी टीपही मॅकहेन्री यांनी जोडली आहे.

आज हा किस्सा सांगताना बहुतेक वेळा सभागृहाच्या पायऱ्या, बाहेर जमलेली गर्दी आणि त्या गर्दीतली कोणी अनोळखी बाई असं चित्र रंगवलं जातं. मॅकहेन्री यांच्या त्या मूळ नोंदीत पायऱ्याही नाहीत आणि गर्दीही नाही. आणि प्रश्न विचारणारी बाई अनोळखी तर मुळीच नव्हती. नव्या देशाचं राजकारण आतून माहीत असलेली ती स्त्री होती. स्वतः एलिझाबेथ यांनी मात्र कधी या गोष्टीचं भांडवल केलं नाही. १८१४ साली एका नातलग स्त्रीला लिहिलेल्या पत्रात, असं संभाषण झाल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पण अशा विषयांवर घरी चर्चा होत असत, हे त्यांनी नाकारलं नाही.

त्यांच्या शब्दाला किती वजन होतं, याचा दुसरा पुरावा आणखी ठोस आहे. १७९२ साली वॉशिंग्टन पहिली मुदत संपवून निवृत्त व्हायच्या विचारात होते. तेव्हा नोव्हेंबरमध्ये एलिझाबेथ यांनी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. तुम्ही आता बाजूला झालात तर देशाचं नुकसान होईल, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. वॉशिंग्टन थांबले आणि दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले. निर्णयामागे इतरांचाही आग्रह होता, पण इतक्या मोकळेपणाने त्यांना सुनावणारे लोक फार नव्हते.

१७९३ चा पिवळा ताप

फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती. १७९३ च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या वस्तीत माणसं पटापट मरू लागली. ताप, कावीळ, काळी उलटी आणि मृत्यू. हा पिवळा ताप होता. तो डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावं लागलं. तेव्हा कोणी नासक्या कॉफीच्या वासाला दोष देत होतं, तर कोणी कॅरिबियनहून आलेल्या निर्वासितांना. सुमारे ५० हजार वस्तीच्या शहरात काही महिन्यांत ५ हजारांच्या आसपास लोक दगावले.

ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. वॉशिंग्टन दांपत्याने पॉवेल पती-पत्नींना आपल्याबरोबर माउंट व्हर्ननला चलण्याचा आग्रह केला. सॅम्युअल यांना जाण्याची गरज वाटत नव्हती आणि एलिझाबेथ यांना नवऱ्याला सोडून जायचं नव्हतं. त्यांनी नम्रपणे नकार कळवला. तीन आठवड्यांच्या आत, २९ सप्टेंबर १७९३ रोजी, सॅम्युअल पॉवेल पिवळ्या तापाने वारले. शहराबाहेर नदीपलीकडे त्यांचं शेत होतं, तिथे त्यांचा मृत्यू झाला. तो भाग आज पॉवेल्टन व्हिलेज म्हणून ओळखला जातो.

या जोडप्याची मुलंही जगली नव्हती. सॅम्युअल यांनी जवळपास सगळी मालमत्ता पत्नीच्या नावे ठेवली. त्या काळच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर नवऱ्याचाच ताबा असे. विधवा झाल्यावर मात्र एलिझाबेथ यांना स्वतः व्यवहार करण्याचा अधिकार मिळाला आणि पुढची छत्तीस वर्षं त्यांनी हा पसारा स्वतः सांभाळला.

त्यांची विनोदबुद्धी मात्र शाबूत राहिली. १७९७ साली वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा त्यांचं लिहायचं मेज एलिझाबेथ यांनी विकत घेतलं. मेजाच्या खणात पत्रांचा एक गठ्ठा राहून गेला होता. एका स्त्रीची प्रेमपत्रं तुमच्या मेजात सापडली आहेत, असं त्यांनी वॉशिंग्टन यांना कळवलं आणि पुरेसा घोळ घातल्यावर सांगितलं की ही स्त्री म्हणजे तुमचीच पत्नी मार्था!

दिवाणखान्याचं गोदाम होताना

१७९८ साली एलिझाबेथ यांनी हे घर आपल्या भाचीचे पती, धनाढ्य व्यापारी विल्यम बिंगहॅम यांना विकलं आणि त्या चेस्टनट स्ट्रीटवर राहायला गेल्या. १८३० साली त्यांचं निधन झालं.

त्यानंतर घराचे मालक बदलत गेले आणि त्याहून जास्त बदलला तो शेजार. १८०० साली राजधानी वॉशिंग्टन शहरात गेली. फिलाडेल्फियाचे श्रीमंत लोक नदीपासून लांब, पश्चिमेकडे सरकले. जुन्या भागात गोदामं, कारखाने आणि नव्याने आलेल्या गरीब स्थलांतरितांची वस्ती वाढली. एकेका कुटुंबाच्या घरात अनेक बिऱ्हाडं राहू लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉवेल हाऊस अशा एका व्यापाऱ्याकडे आलं, जो रशिया आणि सायबेरियातून घोड्याचे केस आणि ब्रशांसाठीचे राठ केस आयात करायचा. वॉशिंग्टन जिथे नाचले होते, तिथे आता केसांचे गठ्ठे रचले जाऊ लागले. यात त्या व्यापाऱ्याचा काही दोष नव्हता. बंदराजवळ, मोठ्या दालनांची, स्वस्त जागा कोणत्याही व्यापाऱ्याला हवीच असते.

घर राहिलं, खोल्या गेल्या

याच काळात अमेरिकेतल्या संग्रहालयांना एका नव्या कल्पनेने झपाटलं होतं. जुन्या वस्तू काचेच्या कपाटात मांडण्यापेक्षा अख्खी जुनी खोलीच संग्रहालयात उभी केली तर? म्हणजे भिंतीवरचं लाकूडकाम, शेकोटीची चौकट, दारं असं सगळं मूळ घरातून काढायचं आणि संग्रहालयात जसंच्या तसं जोडायचं.

पॉवेल हाऊसची अंतर्गत सजावट अमेरिकेतल्या त्या काळच्या सर्वोत्तम कामांपैकी होती, त्यामुळे नजर तिच्यावर जाणारच होती. १९१८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीचं लाकूडकाम घेतलं. पुढे काही वर्षांनी रस्त्याकडचं नाचाचं दालन फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टकडे गेलं.

हे बरं झालं की वाईट? दोन्ही बाजू आहेत. घर पाडलं गेलं असतं तर निदान हे कोरीवकाम तरी वाचलं असतं, हे खरं. पण खोल्या निघाल्यावर घर पाडणं आणखी सोपं झालं, हेही तितकंच खरं. जे मौल्यवान होतं ते सुरक्षित जागी गेलंय, आता उरल्या फक्त विटा, असं म्हणायला लोक मोकळे झाले. त्यातूनच पार्किंगचा बेत पुढे आला.

एका बाईने काढली संस्था

इथे फ्रान्सिस अ‍ॅन विस्टर यांचं नाव येतं. त्या फिलाडेल्फियाच्या एका जुन्या घराण्यातल्या होत्या आणि शहराच्या ऑर्केस्ट्रासाठी निधी जमवणाऱ्या महिलांच्या कामात आघाडीवर होत्या. लोकांना एकत्र आणायचं कसं आणि देणग्या मिळवायच्या कशा, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

१९३१ साली त्यांनी ‘फिलाडेल्फिया सोसायटी फॉर द प्रिझर्व्हेशन ऑफ लँडमार्क्स’ ही संस्था स्थापन केली आणि पहिलं काम हाती घेतलं ते पॉवेल हाऊस विकत घेण्याचं. तो काळ महामंदीचा होता. बँका बुडत होत्या, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि अशा वेळी जुन्या घरासाठी पैसे मागणं सोपं नव्हतं. शिवाय सरकारी मदतीचा भरवसा नव्हता. तरीही संस्थेने घर घेतलं आणि दुरुस्ती सुरू झाली.

वरच्या खोल्यांचं मूळ लाकूडकाम परत मिळणार नव्हतं. मग नव्या कारागिरांनी मूळ कामाबरहुकूम तशीच नक्कल घडवली. त्या काळाला शोभेल असं फर्निचर जमवलं गेलं आणि १९३८ साली घर लोकांसाठी खुलं झालं. आज परिस्थिती अशी आहे की पॉवेल हाऊस तीन ठिकाणी आहे. मूळ विटा आणि महोगनीचा जिना थर्ड स्ट्रीटवर, मूळ दालन त्याच शहरातल्या संग्रहालयात आणि मूळ मागची खोली न्यूयॉर्कमध्ये.

शेजार वाचला, पण शेजारी?

पॉवेल हाऊस वाचलं तेव्हा आजूबाजूचा सोसायटी हिल हा भाग मोडकळीला आलेला होता. १९५० च्या दशकापासून शहराने या भागाचं मोठं नूतनीकरण हाती घेतलं. वसाहतकाळातली शेकडो विटांची घरं दुरुस्त झाली. जुन्या घाऊक बाजाराच्या जागी वास्तुरचनाकार आय. एम. पै यांनी आखलेले उंच मनोरे उभे राहिले. आज हा भाग फिलाडेल्फियातल्या सर्वांत महागड्या आणि देखण्या वस्त्यांपैकी एक आहे.

पण त्यासाठी मोजलेली किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. दुरुस्तीचा खर्च न झेपणाऱ्या आणि भाड्याने राहणाऱ्या अनेक गरीब कुटुंबांना, त्यातही कृष्णवर्णीय कुटुंबांना, इथून निघावं लागलं. घरांच्या भिंतींना नवं आयुष्य मिळालं आणि त्या भिंतींमध्ये राहणारी माणसं दुसरीकडे गेली. जुनी वस्ती जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हा वाद अशा प्रत्येक शहरात पुन्हा पुन्हा होतो.

आज पॉवेल हाऊस

आज हे घर संग्रहालय आहे. विस्टर यांनी काढलेली संस्थाच ते चालवते आणि शहरातली इतर काही ऐतिहासिक घरंही सांभाळते. इथे फेरफटका मारता येतो, कार्यक्रम होतात, लग्नंही लागतात. इथली गोष्ट पूर्वी मुख्यतः सॅम्युअल पॉवेल आणि वॉशिंग्टन यांच्याभोवती फिरायची. आता अभ्यासक एलिझाबेथ यांच्या पत्रव्यवहाराकडे आणि या घरात राबलेल्या माणसांकडेही जास्त लक्ष देऊ लागले आहेत.

१७६५ पासून या घराने युद्ध पाहिलं, साथ पाहिली, गोदामाचे दिवस पाहिले. पण ते सगळ्यांत जास्त धोक्यात आलं ते शांततेच्या काळात, एका साध्या पार्किंगसाठी. ते वाचलं तेही आपोआप नाही. ऐन मंदीत कोणीतरी उठलं, दारोदार फिरलं आणि पैसे उभे केले, म्हणून वाचलं.

फ्रँकलिन यांनी पॉवेलबाईंना दिलेलं उत्तर प्रजासत्ताकाबद्दल होतं. पण त्यांच्याच घराच्या बाबतीतही ते अगदी तंतोतंत लागू पडलं: टिकवता आलं, तरच ते आपलं.